भुवई दिसेना

मावशीचा मॉनिटर बंद पडला तो दुपारी चारनंतर, म्हणजे नेमका नको तेव्हा.

मावशीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिचं सगळं बोलणं हातांनी, आणि हातांच्या जोडीला गाल, खांदे, डोळे. छापखान्यात तिने आयुष्यभर पुस्तकबांधणी केली. यंत्रांच्या ज्या खडखडाटाने बाकीच्यांची डोकी उठायची, त्यात ही बाई देवघरात बसल्यासारखी शांतपणे काम करायची. निवृत्त झाल्यापासून तिच्या दिवसाचे दोनच भाग उरले होते, चारच्या आधीचा आणि चारनंतरचा. चार वाजता कॉम्प्युटरवर भुवई यायची.

भुवई म्हणजे तिची कर्णबधिरांच्या शाळेपासूनची मैत्रीण. लहानपणी झोपाळ्यावरून पडून डाव्या भुवईला खोक पडली, तिची खूण कायमची राहिली. शाळेत सगळ्याच मुलींची नावं हातांनी घ्यायची असत. हिचं नाव घ्यायचं म्हणजे डाव्या भुवईवरून बोट ओढायचं. कागदोपत्री तिला दुसरं नाव होतं, पण ते मावशीने कधी वापरलं नव्हतं. आता ती दूरच्या गावात एकटीच राहायची, आणि तिचा मुलगा नोकरीपायी त्याहून लांब.

मावशीकडे तिची भाची राहायची. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये सकाळची पाळी करून ती दुपारी घरी यायची. हातांची भाषा ती आईकडून, मावशीच्या बहिणीकडून, लहानपणीच शिकली होती. कॉम्प्युटर तिनेच बसवून दिला होता. घंटी वाजून उपयोग नव्हता, म्हणून भुवईचा कॉल आला की आपोआप उचलला जाईल अशी सोय तिने करून ठेवली होती.

त्या दिवशी भुवई शेजारणीचं भांडण सांगत होती. शेजारीण पायरी उतरून खाली आली, तिने कमरेवर हात ठेवले आणि पडदा काळा झाला. मावशीने मॉनिटरच्या डोक्यात एक टपली मारली. मग दोन मारल्या. भाचीने वायरी काढून पुन्हा लावल्या, दुसऱ्या वायरी लावून पाहिल्या. काही नाही. फक्त कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा चालू होता, म्हणजे कॉल तुटला नव्हता.

"म्हणजे तिला मी दिसतेय?" मावशीने विचारलं.

"दिसतेयस."

"आणि मला ती नाही?"

"नाही."

मावशीने क्षणभर विचार केला आणि काळ्या काचेकडे बघून हात हलवले, "बिघडलंय. शेजारणीला तिथेच थांबव."

फोनवर बोलायचं म्हटलं तर त्या एवढ्याशा पडद्यावर भुवईचे हात म्हणजे पळणाऱ्या मुंग्या. मावशीच्या डोळ्यांना ते झेपेना. मेसेज लिहावेत तर लिहिण्याची भाषा दोघींनाही परक्यांच्या घरी जेवायला बसल्यासारखी वाटायची. हवं ते मागायला जीभ रेटायची नाही. "मॉनिटर बंद. बरी आहेस?" "बरी." यापुढे गाडी जाईना.

"नवीन घेऊन टाकू," भाची म्हणाली. "हा कितीतरी जुना आहे. आजकाल कोणी दुरुस्त करत बसत नाही, मावशी."

"आधी बघू तर," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून येताच भाची तिला दुकानात घेऊन गेली. भिंतीवर ओळीने मॉनिटर लावलेले, सगळ्यांवर एकच समुद्र चाललेला. मावशीने एकेकासमोर उभं राहून डोकं डावीकडे-उजवीकडे झुकवलं आणि नापसंतीने ओठ काढले.

"काय झालं?" भाचीने विचारलं.

"आरसे आहेत नुसते. समुद्र थोडा गडद झाला की त्यात मी दिसतेय. मला भुवई बघायची आहे, स्वतःचं थोबाड नाही. ते रोज सकाळी बघते."

भाचीने दुकानदाराला विचारलं. चमक नसलेले मिळतात, तो म्हणाला, पण मागवावे लागतील, आठवडा जाईल. आणि मग तो मावशीकडे वळून, हे चमकदारच हल्ली जास्त खपतात, असं मोठ्याने ओरडून सांगायला लागला. भाची म्हणाली, "काका, आवाज वाढवून उपयोग नाही. त्यांच्याकडे स्पीकरच नाही." दुकानदार ओशाळला. मावशीला काय झालं ते कळलं नाही, पण त्याचा चेहरा बघून ती हसली.

काहीच न घेता दोघी घाईने परतल्या, कारण चार वाजत आले होते. घरात शिरताच मावशी खुर्ची ओढून काळ्या मॉनिटरसमोर बसली. हिरवा दिवा लागला. भाची दारातून बघत राहिली. मावशी बोलत होती: दुकानातले आरसे, ओरडणारा दुकानदार, येताना चुकलेली बस. मधेच थांबायची, जणू समोरची हसून घेते आहे, आणि पुढे सुरू करायची.

"तुला तिचं काही दिसत नाहीये ना?" भाचीने नंतर विचारलं.

"मला नाही दिसत. पण तिला दिसतं. मग तिला कशाला उपाशी ठेवू?"

हे भाचीने मनावर घेतलं. तिने लॅबमध्ये चारचौघांना विचारलं आणि एका दुरुस्तीवालीचा पत्ता मिळवला. बाई घरी येऊन बघते, आणि होण्यासारखं नसेल तर तोंडावर सांगते, असं तिच्याबद्दल बोललं जायचं. ती यायला आणखी एक दिवस गेला. त्या दिवशीही मावशी हिरव्या दिव्याशी बोलत बसली.

दुरुस्तीवाली आली ती नेमकी चारच्या ठोक्याला, हिरवा दिवा लागत असताना. धिप्पाड, केस आखूड, पाठीवर सॅक. येताच तिने मॉनिटरजवळच्या खिडकीचे पडदे ओढून घेतले. मग तिने सॅकमधून टॉर्च काढला आणि मॉनिटरच्या काचेवर अगदी तिरका धरला.

"या, बघा," ती म्हणाली.

काळ्या काचेच्या आत, पाण्याच्या तळाशी असावं तसं, काहीतरी हललं. एक खांदा. टॉर्च वर सरकला. केस, कपाळ, आणि डाव्या भुवईतली रेघ.

मावशीच्या घशातून एक आवाज निघाला. तो आवाज भाचीने आजवर फार क्वचित ऐकला होता.

"चित्र शाबूत आहे," दुरुस्तीवाली म्हणाली. "आतला दिवा गेलाय फक्त. अंधारात बसलेत तुमचे पाहुणे."

भाचीने ते सांगेपर्यंत मावशीने टॉर्च हिसकावूनही घेतला होता. एका हातात टॉर्च असल्यावर बोलायला एकच हात उरतो, आणि एका हाताचं बोलणं म्हणजे तोंडात घास ठेवून बोलण्यासारखं. तरीही ती बोलायला लागली. टॉर्च भुवईच्या तोंडावर नेला की हात अंधारात जायचे, हातांवर आणला की तोंड जायचं. अर्धं वाक्य सुटायचं, मग "काय? काय?" करत टॉर्च पुन्हा फिरायचा.

"या दोन दिवसांत तू काय काय बोललीस?" मावशीने विचारलं. "मला सगळं परत सांग."

भुवईने हात झटकला.

"काही खास नाही," ती म्हणाली.

"खोटं. तुझा खांदा वर गेला."

थोडा वेळ टॉर्चच्या वर्तुळात फक्त दोन हात दिसत होते, एकमेकांची बोटं चाचपणारे. मग ते सावकाश उठले.

"तुला दिसत नव्हतं म्हणून बोलले," भुवई म्हणाली. "समोर असतीस तर बोलले नसते. इथे दिवसभर माझ्या हातांना काही काम नसतं गं. दुकानात बोट दाखवायचं, पैसे द्यायचे, घरी यायचं. चार वाजेपर्यंत मी कोणाशी एक शब्द बोललेली नसते. तू इतकी वर्षं मला बोलावतेस आणि मी उडवून लावते. परवा अंधारात मी तुला म्हटलं, येऊ का मी तिकडे राहायला? तू तेव्हा बस चुकल्याचं सांगत होतीस."

हे सगळं समजायला मावशीला वेळ लागला, कारण टॉर्च हातांवरून तोंडावर आणि परत फिरवावा लागत होता. उत्तर एका हाताने देण्यासारखं नव्हतं. तिने टॉर्च टेबलावर ठेवून दिला. काच पुन्हा काळी झाली. आणि त्या काळ्या काचेकडे बघत ती दोन्ही हातांनी बोलली, ऐसपैस, खांद्यापासून.

"ये. मूर्ख आहेस तू. खिडकीकडचा पलंग तुझा. माझ्या घोरण्याचा तुला त्रास नाही, तुझ्या घोरण्याचा मला नाही. या पोरीला होईल, ती कानात बोळे घालेल. ये."

भाचीने झटकन टॉर्च उचलून काचेवर धरला. भुवईचे दोन्ही हात मांडीत पडले होते.  डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

दुरुस्तीवालीला बोलण्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, तरी ती भिंतीकडे तोंड करून उगाच स्क्रूड्रायव्हर पुसत होती.

कॉल संपल्यावर पडदे उघडले, चहा झाला, आणि मूळ प्रश्न निघाला.

"सरळ सांगते," दुरुस्तीवाली म्हणाली. "आत कडेला दिव्यांची पट्टी असते, ती बदलायची. पट्टी माझ्याकडे आहे. पण त्यासाठी काच अख्खी बाहेर काढावी लागते, आणि ती कागदासारखी पातळ. तिची चपटी वायर फाटली तर सगळंच गेलं. मग नवीन घ्यावाच लागेल. मी पुष्कळ वेळा केलंय, पण दोनदा माझ्या हातूनही फाटली आहे."

भाचीने हे मावशीला सांगितलं आणि स्वतःचं मतही जोडलं. "मावशी, नवीनच घेऊ. आठवडाभर टॉर्चवर काढता येईल. हा फुटला तर तेही गेलं. आणि ती येणारच आहे आता, मग हवाय कशाला एवढा आटापिटा?"

"ती येणार म्हणूनच हवा," मावशी म्हणाली. "तिला मुलाशी बोलायचंय, घराचं बघायचंय. हजार गोष्टी ठरवायच्या आहेत, आणि त्या अर्ध्या अंधारात ठरवल्या तर ती महिन्याभरात माघार घेईल. मी ओळखते तिला. आणि इथे आल्यावर मुलगा तिला कुठे दिसणार? याच्यावरच ना?"

"मग नवीन."

"आठवड्याने. तोवर तिचं मन फिरेल." मावशीने मॉनिटरच्या कडेवरून बोट फिरवलं. "उघडायला सांग. फाटला तर फाटला. नवीन आणू आणि मी तो आरसा सहन करीन."

 एरवी भाचीने हे हट्ट म्हणून उडवून लावलं असतं. पण मावशीने दोन्ही बाजू तोलून बघितल्या होत्या, आणि जे जाईल ते आपलं जाईल असं म्हणून ती बसली होती. भाचीने दुरुस्तीवालीकडे वळून मान हलवली.

जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर अंथरली. मॉनिटर पालथा झाला. मागचं झाकण, पत्रा, स्क्रू एकेक करून निघाले. काचेची वेळ आली तेव्हा दुरुस्तीवालीने दोघींना दोन कोपरे धरायला लावले आणि श्वासही जपून घ्या म्हणाली. काच वर आली. वायर ताणली, वाकली, पण फाटली नाही. खाली पांढऱ्या प्लॅस्टिकचे पातळ ताव एकावर एक रचलेले होते. ते बोटांचे ठसे न उमटवता उचलून तशाच क्रमाने परत ठेवायचे होते. मावशीने ते दोन तळव्यांच्या कडांवर असे तोलून धरले, की दुरुस्तीवाली म्हणाली, "यांना माझ्याबरोबर द्या." काच आणि ताव खाली ठेवून हात मोकळे झाल्यावर भाचीने ते सांगितलं. "पगार काय देते?" मावशीने विचारलं, आणि तिघीही हसल्या.

जुनी पट्टी निघाली, नवी बसली. सगळं उलट्या क्रमाने पुन्हा आत गेलं. एक स्क्रू उरला. "एक नेहमी उरतो," दुरुस्तीवाली म्हणाली आणि तो खिशात टाकला.

बटण दाबलं. काही झालं नाही. भाचीने डोळे मिटले. दुरुस्तीवालीने मागची एक वायर अंगठ्याने घट्ट दाबली आणि पडदा लख्ख उजळला. मावशीने टाळ्या वाजवल्या, ऐकू येणारे वाजवतात तशा, मोठ्याने.

प्रकाश डावीकडे जरासा निळसर पडत होता. दुसऱ्या दिवशी चार वाजता भुवई त्यात आली तेव्हा तिचा एक गाल निळा दिसत होता.

"एका बाजूने तू प्रेतासारखी दिसतेस," मावशी म्हणाली.

"मग दुसऱ्या बाजूकडे बघ," भुवई म्हणाली, आणि खुर्ची सरकवून बसली. तिने कालच मुलाला कळवलं होतं. तो आधी घाबरला, मग रागावला, आणि शेवटी, तिथे तुझ्याशी बोलणारं माणूस तरी असेल, असं म्हणाला होता. घर भाड्याने द्यायचं की बंद ठेवायचं, यावर दोघी दिवे लागेपर्यंत वाद घालत बसल्या. हात नुसते उडत होते. भाचीने दोनदा जेवायला बोलावलं, पण त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भुवई आली ती हिवाळा संपताना, एक बॅग आणि झाडांच्या चार कुंड्या घेऊन. पहिल्याच रविवारी तिने मुलाला कॉल लावला. तो पडद्यावर आला, आईच्या मागे दिसणारी अनोळखी भिंत त्याने बघितली आणि हातांनी विचारलं, "करमतंय का?"

भुवई उत्तर देणार, तेवढ्यात मावशी शेजारून मधे घुसली आणि कुंड्या खिडकीत ठेवाव्यात की बाहेर, हे त्याला विचारायला लागली. भुवईने तिला कोपराने ढकललं. मावशीने खुर्चीचा हात सोडला नाही. पलीकडे मुलगा हसत सुटला होता, आणि त्याला काही सांगायची सवडच दोघी देत नव्हत्या.