स्टोइलच्या डाव्या पायाचे निधन

"इंजेक्शन," गेंचो म्हणाला. "सदतिसाव्या वर्षी माणूस जिना चढताना धापा टाकतो. हा पोरांच्या पुढे धावतोय. दुसरं काय असणार?"

"अक्कल पाजळू नकोस." तानासने सूर्यफुलाच्या बीचे टरफल बशीत थुंकले. "नवा कोच त्याला जागा सोडून पुढे जाऊ देत नाही. एवढंच आहे ते."

स्टेडियमच्या फाटकासमोरच्या कॅफेत पंधरा दिवस हा खटला चालू होता. आरोपी स्टोइल, आमच्या गावच्या संघाचा बचावपटू. हिवाळ्याआधी सहा सामन्यांत नऊ गोल त्याच्या बाजूकडून आत गेले होते. या वसंतात बारा सामन्यांत तीन. रविवारी शेवटचा सामना. जिंकला की संघ वरच्या विभागात.

गेंचो पोस्टातून निवृत्त झालेला, तानास अजून गावची बस चालवतो. टेबलावरचा तिसरा मिन्को, शोकपत्रके छापणारा. आमच्याकडे खांबावर कागद लागल्याशिवाय माणूस गेला असे कुणी धरत नाही. मृत्यूच्या दिवशी एक, चाळिसाव्या दिवशी एक, सहा महिन्यांनी एक, वर्षाने एक. काळी चौकट, फोटो, खाली शोकाकुलांची नावे. आणि गावात हे काम करणारा मिन्को एकटाच.

सप्टेंबरात, लागोपाठ चौथ्या पराभवानंतर, याच टेबलावर तिघांनी मजकूर रचला होता : 'स्टोइलच्या डाव्या पायाचे प्रदीर्घ आणि निरर्थक आजाराने निधन. शोकाकुल : गोलरक्षक व समस्त प्रेक्षक.' फोटो क्लबच्या कॅलेंडरवरून घेतला. मिन्कोने चाळीस प्रती काढल्या, गेंचोने पहाटे उठून त्या चिकटवल्या. आठवडाभर गाव हसत होते. पायाच्या चाळिसाव्याला वाटायचा गहू कधी उकडायचा, असे लोक विचारत.

नोव्हेंबरात स्टोइल आपल्या आईचा फोटो घेऊन मिन्कोच्या दुकानी आला. तेव्हापासून मिन्कोची एकच इच्छा होती, सप्टेंबरातला कागद कुठून निघाला हे त्याला कधी कळू नये. आज चार वाजता तो आईचे सहा महिन्यांचे पत्रक न्यायला येणार होता.

"त्याची आई वर्षभर अंथरुणाला होती," मिन्को एकदम म्हणाला. "रात्री दर दोन तासांनी तो उठून तिला कुशीवर वळवायचा. आता झोप मिळते. दुसरं काही नाही."

तानासने आणखी एक बी फोडली.

"म्हणजे म्हातारी वेळेवर गेली," तानास म्हणाला. "हिवाळ्याची सुट्टी मिळाली त्याला, सावरायला."

"ऑगस्टात गेली असती तर आणखी सहा गुण असते आपले," गेंचो म्हणाला.

हिशेब बरोबर होता, हेच वाईट. तानास कामावर निघाला, मिन्को दुकानाकडे.

स्टोइल सरावाच्या कपड्यांतच आला. कागद हातात घेऊन त्याने उजेडाकडे धरला.

"डाव्या कोपऱ्यात चौकट अजून तुटतेच."

"मशीनचा रोलर झिजलाय रे."

"सप्टेंबरातही तुटली होती."

मिन्कोने चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "तुला माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून."

"मग आईचं छापायला माझ्याकडे का आलास?"

"गावात दुसरं कोण आहे, काका?"

"थट्टा होती रे ती. घरात आजारपण आहे हे आम्हाला काय ठाऊक..."

"थट्टेचं काही नाही. खेळत होतोच मी तसा. पण एक कागद आमच्या दारावर लावलात. मी तिला चाकाच्या खुर्चीतून डॉक्टरकडे नेत होतो. तिच्याजवळ चष्मा नव्हता. फोटो दिसला, काळी चौकट दिसली."

"पण तूच होतास की खुर्चीमागे."

"होतो ना. सांगितलंही. पण तिचं डोकं तेव्हा धड नव्हतं, आणि खांबावरचा कागद खोटा असतो हे तिला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. माझा मुलगा गेला, म्हणाली. पुढचे दोन महिने मी तिला शेजारचा कुणीतरी वाटायचो. भरवताना म्हणायची, तुमची आई भाग्यवान आहे हो."

मिन्कोने पत्रकांचा गठ्ठा उगाच दोनदा टेबलावर आपटून सरळ केला. "खाली 'शोकाकुल मुलगा स्टोइल' असंच ठेवलंय," तो म्हणाला. "बदलायचं का काही?"

"राहू दे. बरोबर आहे."

"माफ कर मला, स्टोइल."

"चिकटपट्टी आहे का? माझी संपलीय."

मिन्कोने नवे रीळ काढून दिले. "मी लावतो सगळे. तू विश्रांती घे, परवा सामना आहे."

"नको. तुमच्या हातून एकदा कागद लागलाय ना दारावर," स्टोइल म्हणाला. आवाज चढला नव्हता. गठ्ठा काखेत मारून तो बाहेर पडला.

मिन्को काचेमागे उभा राहिला. स्टोइलने समोरच्या खांबाशी थांबून पट्टी दातांनी तोडली. वारा होता, कागद फडफडत होता. तेवढ्यात तानासची बस थांब्यावर आली. त्याने भोंगा वाजवला, खिडकीतून अर्धा बाहेर वाकला.

"स्टोइल, वाघा, रविवारी एकही आत जाऊ देऊ नकोस."

बसमधले लोक टाळ्या वाजवू लागले. कुणीतरी त्याच्या नावाची आरोळी ठोकली. स्टोइलने मागे वळून मान हलवली. हात मात्र उचलता आला नाही. दोन्ही तळव्यांनी तो आईचा कागद खांबाशी दाबून उभा होता.