भिंतीकडचे दार

असत्य टिकून राहायला एकटा लबाड माणूस पुरत नाही. त्याच्या जोडीला एक दुःखी माणूस लागतो, आणि 'तिला बरे वाटते आहे ना, मग आपण कशाला बोला' असे म्हणणारा एक शहाणाही लागतो. या हकिकतीतल्या लबाडाला लोक कवचमहाराज म्हणत. दुःखी होती ती माझी धाकटी बहीण. शहाणा मी. तेव्हा हे लिहिण्याचा अधिकार मला नसेल, पण ते कर्तव्य मात्र माझ्याकडेच येते.

बंद पडलेल्या पेट्रोल पंपामागच्या आवारात त्या सकाळी शंभरेक माणसे दाटीने उभी होती. मधोमध बहिणीची जुनी लाल गाडी होती, डावी बाजू भिंतीला जवळजवळ टेकवलेली. महाराजांनी गाडीला आधी सोड्याच्या पाण्याने 'शुद्धिस्नान' घातले. मग एक पांढरेशुभ्र फडके झटकून, उलटसुलट करून चारही बाजूंना दाखवले. बिनलेबलाच्या बरणीतला पांढरट लेप त्यावर घेतला आणि गाडीच्या टपावर गोल गोल घासायला सुरुवात केली. बोलणे चालूच होते. लोखंड कसे विसरत नाही, माणूस कसा विसरतो, आणि विसरलेल्या माणसाला लोखंड कशी आठवण करून देते, असा तो ओघ होता. फडके उचलले तेव्हा ते लाल झाले होते.

पुढे उभ्या असलेल्या एका बाईने कडेवरच्या लेकराचे डोळे झाकले.

"माते, हे रक्तस्मरणम्," महाराज माझ्या बहिणीला म्हणाले. "तुमची गाडी अजून रडते आहे."

त्यांचे संस्कृत असेच होते. चालू मराठी शब्दाच्या शेपटीला एक म् बांधला, की त्यांच्या लेखी तो वेद. चाळीस वर्षे ती भाषा शिकवल्यामुळे त्यांचा प्रत्येक म् मला भातातल्या खड्यासारखा लागे. तरी मी तो गिळत होतो.

उपाय होता सप्तावरणम्. दुसऱ्या एका बरणीतल्या कवचद्रव्याचे सात लेप द्यायचे, दिवसाला एक. सातवा लेप सुकेपर्यंत चाक तसूभरही हलता कामा नये. हलले तर आत कोंडलेले रक्त वाट शोधणार. या द्रव्याचे सामर्थ्य दाखवायला महाराजांनी आधीच लेप दिलेल्या बॉनेटच्या एका कोपऱ्यावर पाणी शिंपडले. पाणी पसरले नाही. त्याचे टपोरे गोल मणी झाले आणि ते घरंगळून खाली पडले.

"जिथे पाणी टेकायला धजत नाही, तिथे काळ काय टेकणार?" महाराज म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. ते मणी दिसायला सुंदर होते, हे मलाही नाकारता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी याच गाडीत माझे मेहुणे गेले. बहीण गाडी चालवत होती. चौकात गाडी थांबलेली असताना ब्रेक निकामी झालेला ट्रक डाव्या बाजूवर येऊन आदळला. चौकशी झाली. कागदावर तिचा दोष नव्हता; पण तिच्या हातांना ते कोणी कळवले नव्हते. ती परिचारिका आहे. शहराबाहेरच्या दगडखाणीच्या वस्तीत बाळंतपणांना तीच जाते, आणि जायला हीच गाडी आहे. अपघातानंतर स्टिअरिंग धरले की तिचे हात मनगटापासून थरथरू लागत. कोणीतरी तिला महाराजांकडे नेले. फडके लाल झाले, सात लेप झाले, आठव्या दिवशी नवे फडके पांढरे निघाले. त्या दिवशी ती खूप रडली, जेवली, झोपली आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन वस्तीवर गेली. मला ते सगळे थोतांड वाटत होते. पण झोपलेल्या माणसाला उठवून थोतांड म्हणजे काय ते कोण सांगत बसतो?

आठ महिन्यांनी महाराजांचे फडके पुन्हा लाल निघाले. म्हणून ही दुसरी खेप.

सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वस्तीवरून फोन आला. दगड फोडणाऱ्या एका कामगाराच्या बायकोला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. बहिणीने दोन मिनिटांत पिशवी भरली, खिळ्यावरची किल्ली काढली आणि ती खिडकीशी जाऊन थबकली. समोरच्या आवारातली गाडी तिथून दिसत असे. वस्ती वीस मिनिटांवर होती.

"दादा, सहावा लेप ओला आहे."

त्या क्षणी माझ्या तोंडून एक वाक्य निघायला हवे होते. मी म्हणालो, "थांब, मी दुसरी गाडी बघतो."

दुसरी गाडी मिळायला सव्वा तास लागला. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. तो सोडवायला जे हात लागतात, ते सव्वा तास आमच्या दारात पिशवी धरून उभे होते. मुलगी होती. आई वाचली.

महाराजांना हे कळले तेव्हा ते मुळीच गडबडले नाहीत. गाडीने बळी घेतलाच, असे त्यांनी भर गर्दीत सांगितले. पाचव्या आवरणावर कुणाची तरी अशुभ सावली पडली असणार, आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. माझ्या बहिणीने मान डोलावली. तिचे ते मान डोलावणे पाहून माझ्यातला शहाणा अखेर लाजला.

अपघातानंतर गाडी दुरुस्त करणारा रंगारी आमच्याच रस्त्याच्या टोकाला काम करतो. त्याची नखे कधी एका रंगाची नसतात. मी सगळे सांगितले, तेव्हा त्याने हातातली फवारणीची बंदूक खाली ठेवली आणि एवढेच विचारले, "गुरुजी, ते फडकं भिंतीकडच्या दारावर फिरवलं का त्याने?"

मी आठवून पाहिले. दोन्ही खेपांना नाही.

"फिरवणारच नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी गर्दी जमल्यावर रंगारी आला. बगलेत एका भंगार गाडीचे निळे बॉनेट होते. त्याने कोणाला न विचारता गाडीचा हँडब्रेक सोडला आणि चार जणांना हाताशी घेऊन ती भिंतीपासून ढकलली. महाराज 'आवरणभंगम्' असे काहीसे ओरडले.

"महाराज, ट्रक बसला तो या बाजूला," रंगारी म्हणाला. "साहेब इथेच बसले होते. गाडीला रक्त आठवत असेल, तर ते याच दारात सगळ्यात जास्त असायला पाहिजे. पुसा की."

"ते दार आता शांत झालं आहे."

"सहा लेपांत एकटंच शांत झालं? गुणी दार आहे." मागे कोणीतरी खुदकन हसले. रंगाऱ्याने महाराजांचीच बरणी घेतली, त्यांचेच फडके घेतले आणि दार सोड्याच्या पाण्याने दोनदा धुऊन चांगले रगडून पुसले. फडके पांढरे निघाले. मग त्याने टपही तसाच दोनदा धुतला, त्याच बरणीतला लेप घासला. फडके लाल. शेवटी निळे बॉनेट जमिनीवर ठेवून त्याच लेपाने, पण कोऱ्या फडक्याने घासले आणि ते फडके वर धरले.

"हे निळं रक्त कुणाचं?"

रंगाऱ्याने सांगितले ते अगदी साधे होते. जुन्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक थर नसतो. उन्हापावसाने वरचा रंग मरतो, त्याची भुकटी होते आणि घासायचे पॉलिश लावले की ती फडक्यावर येते. डावे दार अपघातात चेपले होते. ते भंगारात गेले. हे नवे दार त्याने स्वतः रंगवले आणि वर पारदर्शक थर दिला, म्हणून त्याचा रंग सुटत नाही. ज्या दाराने मृत्यू पाहिला ते या गाडीत नव्हतेच. महाराजांचे कवचद्रव्य म्हणजे दुकानात मिळणारे सीलंट. त्याने रंग झाकला जातो, म्हणून फडके स्वच्छ निघते आणि पाण्याचे मणी होतात. काही महिन्यांत ते झिजते. उरलेले सोड्याचे पाणी काढून टाकते.

"आणि सात लेप?" मी विचारले.

"पहिला लावायचा. दुसरा कुठे सुटलं असेल तर भरून काढायला. पुढचे पाच माणसाला बांधून ठेवायला."

माझी बहीण पुढे आली. "ओल्या लेपावर गाडी नेली असती तर काय झालं असतं?"

रंगाऱ्याने खाली पाहिले.

"धूळ बसली असती, सिस्टर. पुसून घेतली असती."

ती दारावर हात टेकून उभी राहिली. महाराज बरण्या गोळा करत होते. ते कधी गेले, हे फारसे कोणी पाहिले नाही. दोघेतिघे रंगाऱ्याला बाजूला घेऊन विचारत होते की, रक्ताचे कळले, पण खबरदारी म्हणून एखादा लेप लावून घ्यायला काय हरकत आहे. महिन्याभराने समजले की महाराज दुसऱ्या शहरात आहेत आणि तिथे हिरव्या गाड्यांतून विष निघते आहे.

त्याच दुपारी बहीण स्वतः गाडी चालवत खाणीच्या वस्तीवर गेली. मी शेजारी बसलो होतो. तिचे हात थरथरत नव्हते, आणि ते पाहून मला बरे वाटले नाही. दार बाळाच्या बापाने उघडले. तिने काहीही न वगळता सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले.

"म्हणजे तुमची गाडी दारात होती?"

"होती."

"चालू होती?"

"होती."

त्याने दार लावून घेतले. आपटले नाही. आत कोणीतरी नुकते झोपले असावे, इतके सावकाश लावले.

परतताना ती म्हणाली, "दादा, इतके दिवस दोष गाडीचा होता. तो गाडीवरून काढून घेतलात ते बरंच केलंत. पण आता तो ठेवायला दुसरी जागा नाही."

"अर्धा माझा आहे," मी म्हणालो. तिने नाही म्हटले नाही.

पुढच्या महिन्यात त्याच वस्तीतून, दुसऱ्या एका घरातून फोन आला. ती लगेच निघाली. गाडीवर धूळ होती. ती तिने पुसली नाही.

वाचकहो, दुःखी माणसाला आधार द्यावाच, पण खोटा आधार शेवटी कोणाच्या अंगावर कोसळेल हे सांगता येत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर फडके आपल्या हाती घ्या. दाखवलेल्या जागेवर फिरवा, आणि भिंतीकडे वळवलेल्या दारावरही फिरवून पाहा. फिरवू देत नसेल, तर तेच तुमचे उत्तर आहे. आणि जवळच्या माणसाची झोप मोडेल म्हणून गप्प बसू नका. मी बसलो होतो.

जिचे नाव ठेवायचे राहून गेले त्या बाळाला शांती लाभो. तिच्या आईची ओंजळ पुन्हा भरो. तिच्या बापाला कधीतरी दार उघडावेसे वाटो, आणि नाहीच वाटले तरी त्याचे कल्याण होवो. माझ्या बहिणीचे हात कामात स्थिर राहोत.