पुढच्या गावाला फोन

रामेश्वरला जायचं तर माणूस दक्षिणेची वाट धरतो. आकारामच्या बोलेरोनं मात्र पहिल्या दिवशी उलटी, औंधची वाट धरली. यमाईच्या डोंगरावर नारळ फोडून झाला आणि मग कुठं तिघे मित्र माघारी पलूसवरून मिरजेला आले आणि तिथून कर्नाटकात उतरले. गावात सांगितलं होतं, देवदर्शनाला निघालोय. लालासाहेब हवालदार पलटणीतून सुटून आल्यापासून गावच्या मारुतीलाही गेला नव्हता. तो रामेश्वरला कशाला निघालाय हे न कळण्याइतकं गाव भोळं नव्हतं. पण तोंडावर कुणी विचारलं नाही, एवढी माणुसकी गावानं दाखवली.

लालासाहेब निघाला होता पोराला शोधायला. ऋषिराज, एकुलता एक, चार वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. दिवाळीला आईला एक फोन करायचा, तोही दुसऱ्याच्या मोबाइलवरून. "बरा हाय" म्हणायचा आणि तिनं "कुठं हाईस" विचारायच्या आत ठेवून द्यायचा. यंदाचा फोन दावणगेरेच्या एका गलाईवाल्याच्या नंबरावरून आला, हे त्याच्या आईनं, राजेश्वरीनं, खणून काढलं. निघताना ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आवं, बाकी देव-बिव काय बघू नगा. त्याला घिऊन या."

जुनं सोनं भट्टीत गाळून शुद्ध करायचं, ती गलाई. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं या धंद्यापायी सगळ्या देशभर पांगलेली आहेत. परमुलखात सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात तेजाबाचा वास नाकात गेला की समजावं, आत आपल्याकडचा माणूस बसलाय. आणि त्यांची रीत अशी, की गावाकडचं माणूस आलं तर त्याला लॉजवर जाऊ द्यायचं नाही. जेवू घालायचं, झोपायला गादी द्यायची, आणि ते निघालं की पुढच्या गावच्या गलाईवाल्याला फोन करायचा, "गावाकडची माणसं येत्यात, भाकरी टाका." आकारामची बहीण विट्याकडं दिलेली, त्यामुळं हे सगळे नंबर त्याच्या मोबाइलात होते. त्याचा त्याला कोण अभिमान. "कन्याकुमारीपातूर लॉजची पायरी चढायची न्हाई," हे त्यानं मिरज ओलांडायच्या आत चारदा सांगितलं. गाडी चालवत होता जोतिबा. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेला, बोलायला कंजूष. आकाराम दोघांच्या वाटचं बोलत होता म्हणून निभावत होतं.

दावणगेरेला शेठनं तिघांचं स्वागत केलं, त्यांनी आणलेला बेदाण्याचा डबा कपाळाला लावून घेतला आणि मग म्हणाला, "ऋषी व्हय? परवाच गेला की सेलमला. तिकडं माणूस पायजे हुता, आमीच धाडला."

लालासाहेबाला वाईट वाटायच्या ऐवजी आनंदच झाला. चार वर्षांनी पहिल्यांदा असा माणूस भेटला होता, ज्यानं त्याचा पोरगा परवा बघितला होता. दाढी ठेवलीय म्हणे. चष्मा लागलाय. लय गुणाचं पोर, शेठ म्हणाला, आणि हा बाप मान खाली घालून ऐकत राहिला, कारण त्याच्या तोंडून पोराबद्दल असा शब्द कधी निघाला नव्हता. आकारामनं तिथूनच सेलमला फोन लावला. "लालासाहेब हवालदार सोता येतोय. पोराला सांगा की, खूश हुईल."

तमिळनाडूत शिरल्यावर जोतिबा एकदाच बोलला, रस्ते चांगले आहेत म्हणाला. सेलमला वीरधवलशेठनं दारातच हात जोडले. "काल दुपारपातूर हितंच हुता. कणकण वाटतीय म्हणला आन् कोइमतूरला गेला. आता कणकण असलेला माणूस परगावाला कशाला जाईल? पण मी म्हणलं, जाऊ दे." आकारामनं लगोलग कोइमतूरला फोन लावला.

ताटात मटण होतं, भाकरी होती, आणि लालासाहेब भाकरीचे नुसते तुकडे करत होता. आपण काय केलं होतं हे त्याला पाठ होतं, पण ते आज पहिल्यांदा पानावर बसल्या बसल्या डोळ्यांसमोर आलं. ऋषिराज भरतीत तीनदा नापास झाला. पळण्यात नाही, पळण्यात तो सगळ्यांच्या पुढं असायचा. गुडघे एकमेकाला लागतात म्हणून मेडिकलला काढायचे, आणि गुडघ्याला कुणी काय करणार? तिसऱ्या वेळी वयही सरलं. तो परत आला तो दिवस नेमका जत्रेचा. पंगत बसलेली, पाव्हणेरावळे, पलटणीतले दोन जुने सोबती. लालासाहेब वाढता वाढता पोराच्या पानापुढं थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चोवीस वर्षं मी वर्दी घातली ती असल्याला पोसायला? ह्या घरात जेवायचं तर आदी कायतरी हून दाव." पोरगा भरल्या पानावरून उठला, हात धुतला आणि गेला. लालासाहेबाला वाटलं, सांजेपर्यंत येईल. बापानं पोराबद्दल असं वाटून घेण्यात काय खर्च होतो? खर्च नंतर कळतो.

कोइमतूरला त्यांना ऋषिराजचा शर्ट भेटला. गलाईच्या दुकानामागं दोरीवर वाळत घातलेला, अजून ओला. "सकाळच्यालाच त्रिशूरला गेला," तिथला शेठ म्हणाला. "शर्टबी ऱ्हायला बगा." लालासाहेबानं शर्टाची बाही हातात धरली. मग वळला आणि म्हणाला, "आकाराम, तू फोन करतुयास. तुज्या फोनवर त्यो उठतोय."

तीन मुक्काम झाले तरी एवढी साधी गोष्ट कुणाच्या टाळक्यात शिरली नव्हती. शिरणार कशी? पुढच्या गावाला फोन करणं म्हणजे फोन करणं, असं त्यांच्यातल्या कुणाला वाटतच नव्हतं. दारात आल्यावर पायावर पाणी घ्यावं तसं ते होतं. शेठ कसनुसा होऊन म्हणाला, "आमी मोबाइल मोठ्यानं लावून ठिवतो वो. हात कामात असत्यात. समदीच ऐकत्यात."

जोतिबानं गाडीची चावी बोटात फिरवली. "मग आता माघारी जाऊ," तो म्हणाला. "बसलेलं पोरगं आपण दोनदा उठवलं. आनखी किती पळवायचं?"

"माघारी कशाला?" आकाराम म्हणाला. आपल्यामुळं घोळ झाला हे त्याला लागलं होतं आणि तो ते भरून काढायला निघाला. "शेठ, तुमी त्रिशूरला फोन करा. म्हणावं, माणसं माघारी गेली. पोरगं निवांत बसंल. आमी सरळ दारात जाऊन हुबं ऱ्हातो."

शेठनं मान हलवली. "ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, पाव्हणं. आमच्यात फोनवर खोटं बोलत न्हाईत. किलोकिलोचं सोनं ह्या गावचं त्या गावाला नुसत्या फोनवर जातंय. एकदा शब्द फुटला की धंदा संपला."

तेवढ्यात राजेश्वरीचा फोन आला. "आवं, घावला का?" लालासाहेबानं ओल्या शर्टाकडं बघितलं. "घावतोय," तो म्हणाला. फोन ठेवला आणि आकारामला म्हणाला, "तू लाव त्रिशूरला." हे वाईट आहे हे त्याला कळत होतं. जोतिबानं तर तोंडच फिरवलं. पण चार वर्षं उपाशी माणूस समोरचं ताट कुणाचं आहे ते विचारत नाही. आकारामनं त्रिशूरच्या इंद्रजितशेठला फोन लावला आणि आवाज पाडून सांगितलं, "आमी माघारी निगालो, शेठ. लालासाहेबाचं दुखाय लागलंय."

पालघाटवरून केरळात उतरताना आकारामनं मोबाइल खिशात घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ते त्रिशूरच्या सराफ बाजारात पोचले. दुकान बोळात होतं, दार सताड उघडं. लालासाहेब समोरच्या बाजूला उभा राहिला आणि त्यानं पोराला बघितलं. ऋषिराज भट्टीपुढं बसला होता. सोनं वितळवायची लाल झालेली मूस चिमट्यानं उचलत होता, आणि शेजारचा कारागीर काहीतरी बोलला त्यावर हसत होता. मान मागं टाकून, मोकळं हसत होता. लालासाहेबानं आठवून बघितलं, आपल्या घरात हा असा कधी हसला होता? त्याला एकही दिवस आठवेना. तेव्हाच माघारी वळला असता तर बरं झालं असतं. पण पाय पुढं गेले.

ऋषिराजनं वर बघितलं. हसू कुठं गेलं ते दिसलंही नाही. त्यानं मूस नीट खाली ठेवली, चिमटा ठेवला, हातमोजे काढले आणि उभा राहिला.

"आबा, तुमी माघारी गेला म्हणून फोन आलता," तो म्हणाला.

"व्हय."

"आकारामकाकानं केलता."

"मी कराय लावला."

"बरं," ऋषिराज म्हणाला. रागावला असता, ओरडला असता, तर लालासाहेब ते झेलायला तयार होता. तो रागावला नाही. "हितं माझ्याकडं लोकं शब्दावर सोनं ठिवत्यात, आबा. मी बी शब्दावरच बसलो हुतो. आता फोन आला तरी मला खरा मानता यायचा न्हाई."

मग त्यानं पाव्हण्यांचं केलं. पाणी दिलं, सतरंजी टाकली, वाटेत त्रास झाला नाही ना विचारलं, पलूसकडं पाऊसपाणी कसं आहे विचारलं. कुठल्याही गावाकडच्या माणसाला विचारावं तसंच. इंद्रजितशेठही विचारेल तेवढं बोलत होता, पण आकारामकडं एकदाही त्यानं बघितलं नाही. जेवायला वाढलं ते ऋषिराजनं. बापाच्या पानात त्यानं दोनदा कालवण वाढलं, लाजू नका म्हणाला. लालासाहेबाला म्हणायचं होतं, पोरा, माझं चुकलं. तीन शब्द. पलटणीत त्यानं साहेबांपुढं असली माफी शंभरदा मागितली असेल, टाचा जुळवून, वाऱ्यासारखी. पोरापुढं "आई वाट बघतीया," एवढंच त्याच्या तोंडून आलं.

"दिवाळीला करीन तिला फोन," ऋषिराज म्हणाला. "तिला म्हणावं, काळजी करू नगं."

हात धुऊन झाले. जोतिबा गाडीकडं गेला, आकाराम त्याच्या मागं. लालासाहेब उंबऱ्यात चपला शोधत राहिला, त्या समोरच होत्या.

"आता पुढं कुठं?" ऋषिराजनं विचारलं.

"घरी."

"मग मुक्काम सेलमलाच पडंल." त्यानं मोबाइल काढला, भट्टीजवळच्या फळीवर ठेवला आणि नंबर लावला. "वीरधवलशेट, ऋषी बोलतोय. गावाकडची माणसं येत्यात सांजच्याला. भाकरी टाका."

"या म्हणावं की," पलीकडून मोठ्यानं आवाज आला. "किती माणसं?"

लालासाहेब सरळ उभा राहिला. पोरगा सोबत येतो का, तीन राज्यं पालथी घालून तो हेच विचारायला आला होता, आणि ते परक्या माणसानं विचारलं. त्यानं पोराकडं बघितलं. मनात जेवढं होतं नव्हतं तेवढं सगळं डोळ्यांत आणून बघितलं.

ऋषिराज हातमोजे चढवत होता.

"तीन," तो म्हणाला. पलीकडं नीट ऐकू गेलं नसावं, म्हणून फोनकडं वाकून त्यानं पुन्हा सांगितलं, "व्हय, शेट. तिघंच हायती."