अंदाजाची बोट

वामनरावांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढण्यात चौतीस वर्षं गेली, तेवढाच त्यांचा पाण्याशी संबंध. आणि हा माणूस निवृत्त झाल्यावर बोरी अरबच्या आपल्या घरात टॅबलेट मांडीवर घेऊन शिडाच्या बोटींच्या शर्यती खेळायचा! लोक हसायचे. हसेनात का. "माह्या पोरीनं बनवलेला खेळ हाय," ते म्हणायचे. "मी नाही खेळीन तं कोण खेळीन?"

पोरगी म्हणजे गौरी. यवतमाळला दोन खोल्यांत राहायची आणि एका लहानशा कंपनीचं काम घरूनच करायची. कुठकुठले लोक एकाच वेळी ज्यात बोटी हाकतात असा तो खेळ, आणि त्याच्या सर्व्हरचं सगळं काम तिच्याकडे. रोज पाच वाजता बापलेकीची शर्यत ठरलेली. फोनवर वामनराव "बरं हाय, ठेवतो" याच्यापुढे जात नसत. त्यामुळे फोन कोणी करतच नव्हतं. पाच वाजता बाबांची बोट पाण्यावर दिसली की गौरीला कळायचं, बाबा जेवले, गोळी घेतली, मजेत आहेत. गौरीची आई कुंदाबाई चिडवायची, "चाळीस वर्षांत माह्यासोबत नाही घालवला इतका वेळ!"

आता या खेळात एक मेख होती. खेळणाऱ्याचं नेट मध्येच गेलं, तर त्याच्या बोटीचं करायचं काय? जागच्या जागी थांबवावी, तर मागच्या बोटी तिच्यावर येऊन आदळतात, आणि नेट परत आलं की ती बेडकासारखी टुणकन कुठल्या कुठे जाऊन पडते. सर्व्हरनं अंदाजानं पुढे चालवावी, तर दिसायला झकास, पण ती खोटी. खरं दाखवाल तर धक्के खाल, गुळगुळीत दाखवाल तर खोटं दाखवाल. दोन्ही एकदम मिळत नाही, कोणालाच मिळालेलं नाही.

सुरुवातीला गौरीनं बोट थांबवायचं ठरवलं होतं. बोरी अरबची लाइट तर काय विचारूच नका. लाइट गेली की राउटर बंद, आणि वामनरावांची बोट भर शर्यतीत उभी. लगेच बाकीचे लिहायचे, "काका झोपले काय?" एकदा, दोनदा, दहादा. शेवटी वामनरावांना लागलं ते.

"मले नाही खेळायचा तुहा खेळ," ते म्हणाले. "चार लोकात हसं होऊन राह्यलं माह्यं."

बापानं सगळं आयुष्य साहेबांच्या पुढे मान खाली घालून काढलं, आता म्हातारपणी माझ्या खेळात तरी त्याची मान खाली जाऊ नये, एवढंच गौरीच्या डोक्यात. तीन आठवडे ती या कामामागे लागली. ज्याचं नेट जाईल, त्याच्या मागच्या शंभर शर्यती पाहून सर्व्हरनं त्याच्यासारखीच बोट हाकायची, अशी सोय तिनं केली. वामनरावांची एक खोड होती. वारा वळला की बाकीचे झटकन बोट वळवत, हे मात्र थांबत. "थांब, वारा अजून पक्का नाही," म्हणत सहा-सात सेकंद काढत, मग वळत. सर्व्हर तेही शिकला.

तिच्यासोबत काम करणारा अभिषेक म्हणाला, "गौरी, अंदाजाच्या बोटीचं शीड करडं कर. आत माणूस नाही हे निदान कळू दे."

"करडं शीड दिसलं की सगळे तिच्याच आडवे घुसतील. बिनराखणीच्या वावरात ढोरं घुसतात तसे."

"मग वीस सेकंदांनी काढून टाक तिला."

"वीस सेकंदांत आमच्या गावचं राउटर सुरू होते काय रे? दहा मिनिटं लागतात त्याले!"

"आणि नेट चालू असून माणसाचाच हात थांबला तर?"

"सर्व्हरले दोन्ही सारखंच दिसते. तिकडून काही येत नाही, बस. तेव्हा दोन्हीले एकच इलाज."

अभिषेक म्हणाला, "सर्व्हर तुझा, तू जाण." त्याचं बरोबर होतं हो. पण बापाची लाज झाकायला निघालेली पोरगी कोणाचं ऐकते! वारा वळून दहा सेकंद झाले आणि हाताची हालचाल आली नाही, की सुकाणू सर्व्हरनं धरायचं, थेट शर्यत संपेपर्यंत, आणि कोणाला काही दिसू द्यायचं नाही, असं ठरलं. त्या दिवसापासून "काका झोपले काय" बंद झालं. वामनराव खूश. "आता कसं!" म्हणाले.

मग तो रविवार आला. कुंदाबाई दारव्ह्याला भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. वामनराव घरी एकटेच, पाचच्या ठोक्याला बोट घेऊन हजर. चोवीस बोटी होत्या. पहिल्या फेरीत ते मधेच कुठेतरी होते. दुसऱ्या फेरीत वारा वळला, त्यांची बोट जराशी थांबली, मग वळली, आणि अशी सुटली की बाप्पा! गौरीनं लिहिलं, "बाबा, काय चालवून राह्यले तुमी आज!" उत्तर आलं नाही. शर्यतीत ते कधीच उत्तर देत नसत. हाकताना बोलू नये, असं त्यांचं शास्त्र.

शेवटच्या बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपाला, वळसा घालताना ती त्यांच्या अगदी मागे होती. जीव तोडून हाकली तिनं, तरी एका बोटीनं मागे राहिली. वामनराव पहिले आले! आजवर कधी पहिल्या दहांत न आलेला माणूस. गौरी खोलीत एकटीच नाचली. "जिंकले बाबा तुमी! एक नंबर!" असं लिहून वाट पाहत बसली. काही आलं नाही. शेजारच्या भगवानरावांना सांगायला गेले असतील, तिला वाटलं. तिनं आल्याचा चहा ठेवला आणि खिडकीत उभं राहून सावकाश प्याली.

सव्वासहाला भगवानरावांचा फोन आला. "गौरी, तू निघून ये बाई."

कुंदाबाई परत आल्या तेव्हा वामनराव खुर्चीतून खाली पडलेले होते. भगवानरावांनी गाडीत घालून दारव्ह्याला नेलं, पण नेण्यात काही उरलं नव्हतं. तिथले डॉक्टर हळूच म्हणाले, छातीत कळ आल्याबरोबर आणलं असतं तर काही करता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी गौरीनं सर्व्हरची नोंद उघडली. न उघडून कसं चालणार होतं! वामनरावांच्या बोटाचा शेवटचा स्पर्श पाच वाजून बारा मिनिटांनी. शर्यत संपली पाच एक्केचाळीसला. मधली बोट सर्व्हरनं हाकली, त्यांच्याच खोडीनं पण एकही चूक न करता, आणि इतका वेळ ती त्याच्या हाती याआधी कधी गेली नव्हती. एकोणतीस मिनिटं बाप जमिनीवर पडला होता आणि ती त्याच्या बोटीशी हसतखेळत शर्यत लावत होती. भगवानराव तेव्हा आपल्या ओट्यावर बसलेले, गाडी दारात, त्यांचा नंबर तिच्या फोनमध्ये. बोट नुसती थांबली असती, तर कोणीतरी लिहिलं असतं, "काका झोपले काय?" आणि तिनं फोन लावला असता. एवढंच पाहिजे होतं. तिनं तोंडात पदर कोंबला आणि रडली, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

घरी माणसांची रीघ लागली. कुंदाबाई प्रत्येकाला एकच सांगायच्या. "मी नोहती वो घरी. पण गौरी होती त्यांच्यासोबत, शेवटपर्यंत. खेळता खेळता गेले, जिंकून गेले." हे सांगितलं की त्यांच्या घशाखाली दोन घास उतरत. गौरी खाली मान घालून ऐकायची. बोलावं तर आईचा आधार तुटतो, न बोलावं तर आपलाच जीव गुदमरतो.

दहाव्या दिवशी सगळे गेल्यावर कुंदाबाईंनी तिला जवळ बसवलं. "तुले काय बोलले वं शेवटी? मले सांग ना. एखादा तरी शब्द बोलले असतीन."

गौरीनं एक शब्द शोधून पाहिला. खोटा सापडला असता, सोपा होता. पण खोटी बोट चालवून झाली होती, आता खोटा बापही बोलवायचा? तिला ते जमलं नाही.

"आई, ते नोहते वं. पाच-बारालेच पडलते बाबा. पुढची बोट माह्या अंदाजानं चालली. मले समजलंच नाही. मी एकटीच खेळत होती."

कुंदाबाईंना ते कळायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे त्यांच्याजवळ कोणीच नोहतं?"

"नाही."

कुंदाबाई रागावल्या नाहीत. उठून त्यांनी भांडी आवरली आणि पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या नंदाबाई भेटायला आल्या. गौरी आत चहा टाकत होती, तिला सगळं ऐकू येत होतं. नंदाबाईंनी विचारलं, जवळ कोण होतं वो त्यांच्या?

"कोणी नोहतं," कुंदाबाई म्हणाल्या. "एकटेच गेले."