खारट भाजीचा भंडारा

मिठाच्या सत्याग्रहाचं साल होतं. हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याचा सैपाक आमच्या गावात दरसाल गडीमानसंच करत. त्या साली म्या पंचांशी भांडून तो आमा बायांकडे घेतला. पंचांचे म्होरके पुंजाजीभाऊ म्हनले, "घ्या गोजराबाई. पन गावाचं नाव गेलं तं पुढल्या सालापासून चुलीपाशी दिसायचं नाही." मी म्हनलं, कबूल. मले कोनी असं बोललं की माह्या अंगात येते.

गोवऱ्यांवर कनकेचे रोडगे मस्त शेकले. वांग्याची भाजी कढईभर झाली. आमच्यातल्या रुपाबाईनं माह्या देखत अंदाजानं मीठ टाकलं. चाखाची सोय नव्हती; मारोतीले नैवेद्य जाईस्तोर जिभेले लावलं की सारा सैपाक उष्टा. नैवेद्य झाला, जऊळका, किन्हीराजा या गावांचे पाव्हने पंगतीत बसले, तवा कुठं मी भाजीचं बोट तोंडात घातलं. आई वं! नुसतं मीठ.

रुपाबाई रडाले लागली. "म्या एकदाच टाकलं वं बाई." मले ठाऊकच होतं. पन दुसऱ्यांदा कोनं टाकलं हे इचारत बसाची ती येळ नव्हती.

पुंजाजीभाऊनं चाखलं अन त्याईचं तोंड उतरलं. कानाशी येऊन म्हनले, "वाढा चूपचाप. पाव्हने लाजेकाजेनं खाऊन घेतीन."

"अन घरी जाऊन काय सांगतीन? गावोगाव आपलीच शोभा."

"मंग सांगा, रुपाबाईच्या हातून चुकलं."

हे आइकलं अन माह्या डोक्यात तिडीक गेली. पदर खोचला अन पंगतीच्या मधात जाऊन उभी राह्यली. बाईनं पंगतीत बोलावं, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. आवाज माहा मुळातच मोठा.

"पाव्हने हो, भाजी खारट झाली हाय. सैपाक माह्या ताब्यात, तं चूक माही. कोनी उठू नका. रोडगे चुरा, तूप-गूळ येऊन राह्यलं. तवरोक मळ्यातून वांगे आनतो, बिनमिठाचे शिजवून याच भाजीत घालतो. ज्याले चिराले येते त्यानं इकडं यावं."

पाव्हने एकमेकाईकडे पाहू लागले. मले वाटलं, गेली चूल हातची. तेवढ्यात किन्हीराजाचे म्हातारे रामकिसन बोलले, "लोकं मिठापाई जेलात जाऊन राह्यले, अन तुमी ते कढईत वतून राह्यल्या." पंगत खो खो हासली. हासत हासतच धा-पंधरा मानसं इळे घेऊन वांगे चिराले बसले.

पुंजाजीभाऊ मातर जाग्यावरच. मंग पुढं आले, टोपी काढून हातात घेतली. "मंडळी, चूक गोजराबाईची नाही अन रुपाबाईचीही नाही. बाया मीठ इसरतीन म्हनून मीनंच गुपचूप टाकलं."

असा राग आला मले, काय सांगू. पन त्याईचं ते पडलेलं तोंड पाह्यलं अन हासूच फुटलं. रुपाबाई डोळे पुसत म्हनली, "भाऊ, मले इचारलं काहून नाही?"

"तुमी टाकलं म्हनल्या असत्या, अन मले खरं वाटलं नसतं," भाऊ म्हनले.

चूल आमच्याकडंच राह्यली. आता नैवेद्याची भाजी लहान गंजात आधी करतो, मारोतीले दाखवतो, मंग मोठी कढई खुशाल चाखतो. चाखाचा मान पुंजाजीभाऊचा. ते चाखतात, मान हालवतात अन साऱ्या पंगतीले मोठ्यानं सांगतात, "मीठ बराबर हाय. मी हात लावला नाही."