मला पाण्यात ठेवू नका

मित्रांनो, मी कोळशाच्या खाणीतून फेकून दिलेला एक जुना दगड आहे. विदर्भात वणीकडे जमीन खोदली गेली. कोळसा मालगाडीत बसून मानाने गेला, आणि त्याच्यासोबत वर आलेले आम्ही नाल्याकाठी ढिगाऱ्यात पडलो.

माझ्या अंगावर सोनेरी ठिपके आहेत. दिसायला देखणे, पण त्यांत गंधक आहे. हवा आणि पाणी लागलं की ते पाणी आंबट होतं, आणि माझ्या पोटातलं लोखंड, मँगनीज, निकेल त्यात उतरू लागतं. मी मुद्दाम करत नाही, पण होतं हे खरं.

खाणीचे सुपरवायझर भालचंद्र यांच्याकडे एकदा ढिगाखालच्या वस्तीतली रखमाबाई कळशी घेऊन आली.

"साहेब, विहिरीचं पानी तांबडं होऊन रायलं जी. बैल बी तोंड लावत नाई."

"लोखंड आहे ते," भालचंद्र हसून म्हणाले. "त्याने रक्त वाढतं."

ती कळशी उचलून गेली. पुढे निवृत्त होताना भालचंद्रांनी आठवण म्हणून मला खिशात घातलं.

वसईला एव्हरशाईन सिटीत, त्यांच्या लेकीच्या घरी, मी काचेच्या कपाटात बसलो. पाहुणे विचारत, "सोनं आहे की काय?" आयुष्यात पहिल्यांदाच माझं कौतुक होत होतं. मी फुशारलो, हे कबूल करतो.

नात उन्नतीला तिच्या वर्गातल्या, वसईतल्याच होळी गावच्या रिद्धीने वाडीतल्या विहिरीतले पाच गप्पी मासे दिले. उन्नतीने ते बरणीत सोडले आणि शोभेला मला तळाशी ठेवलं. आठवड्यात पाणी तांबूस झालं आणि मासे उलटे तरंगू लागले.

"टँकरचं पाणी घातलंस, मग दुसरं काय होणार?" तिची आई स्वप्ना म्हणाली.

टँकरवर खापर फोडणं आमच्या सोसायटीत सोपं असतं. उन्नतीने मग रिद्धीच्या विहिरीचंच पाणी आणलं, नवे मासे आणले. त्यांत एक पोटुशी मादी होती. तीही गेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण दगडाला तोंड कुठून असणार? उन्नती दोन दिवस नीट जेवली नाही.

या वेळी आजोबांनी बरणी उजेडात धरली. बराच वेळ ते त्या रंगाकडे बघत राहिले. मग हात घालून त्यांनी मला बाहेर काढलं.

"आजोबा, याला पाचूबंदरला समुद्रात टाकू या?"

"नको गं. तिथेही पाणीच आहे."

"मग खाणीतले बाकीचे दगड कुठे ठेवलेत?"

आजोबांनी मला फडक्याने पुसून कोरडं केलं. संध्याकाळी त्यांनी वणीला फोन लावून रखमाबाईची चौकशी केली. ती केव्हाच गाव सोडून गेली होती. कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं.

आता मी कोरड्या डब्यात बंद आहे आणि तेच बरं आहे. माझे भाऊबंद मात्र अजून उघड्यावर पडले आहेत. मित्रांनो, मोठे झालात की त्यांच्यावर माती पसरा, त्यांच्यातून झिरपलेलं पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नका. मासे बिचारे बोलू शकत नाहीत. माणूस दारात येऊन सांगतो, तेव्हा तरी हसू नका.