पेर्ख्टामायचे अश्रू

"रडली! पेर्ख्टामाय रडली!"

नोटबुर्गाच्या स्वयंपाकघरात अख्खा गाव दाटला होता. बाहेर बर्फात शिंगवाले, केसाळ कातडी पांघरलेले सोंगाडे कमरेच्या घंटा घणघणवीत नाचत होते. हिवाळा हाकलायच्या बारा रात्री होत्या त्या. आत मांत्रिक क्विरिनबुवानं स्वतः कोरलेला, हिवाळ्याच्या देवीचा, पेर्ख्टामायचा लाकडी मुखवटा धुपाच्या निखाऱ्यांवर धरला होता आणि त्याच्या डोळ्यांतून खरोखरच थेंब ओघळत होते.

"रड गं माय, रड गं माय,
तापाचा गं मोडू दे पाय!"

बुवानं एक थेंब बोटावर घेऊन खाटेवरच्या झेन्झीच्या, नोटबुर्गाच्या लेकीच्या, कपाळाला टेकवला. पोरीचा श्वास भात्यासारखा घरघरत होता.

"ताप गेलाच म्हणून समज. पण बाराव्या रात्रीपर्यंत परका माणूस उंबऱ्याच्या आत नको. डॉक्टर तर नकोच नको. माय रुसेल!"

"तुझी दाढ उपटली त्यानं, तेव्हा नाही रुसली वाटतं?" दारातून शाळेच्या गेर्ट्राउडबाई म्हणाल्या. कुणीतरी फिसकन हसलं. "बुर्गा, बर्फावरची घसरगाडी पाठवू? डॉक्टर लगेच येईल."

"नको बाई." नोटबुर्गानं प्रार्थनेच्या पुस्तकातून एक रुमाल काढला. "गेल्या हिवाळ्यात फेर्डलच्या कपाळावरचा मायचा अश्रू मी यात टिपून ठेवलाय. माझ्या लेकासाठीही रडली ती."

"आणि फेर्डल?"

"आयुष्यच तेवढं त्याचं," बुवा घाईनं म्हणाला. "माय तरी किती रडणार!"

बाईंनी रुमाल उलगडला. डाग पिवळा, टणक झाला होता. त्यांनी तो चुलीवर धरला. डाग मऊ पडला, चकाकला आणि त्यातून एक थेंब सुटून चुलीवर चुरचुरला. खोलीभर पाइनचा वास पसरला.

"वर्षाचा वाळलेला अश्रू पुन्हा ओघळतो होय गं?"

नोटबुर्गानं मऊ डागाला बोटं लावून हुंगली. पाइनची हीच राळ ती दर वर्षी खोडांवरून खरवडून आणायची, जखमांचं मलम करायला. हाताला केव्हाच कळलं होतं. मनानंच कळून घेतलं नव्हतं.

बाईंनी मुखवटा हातात घेतला. "मुखवट्याचं लाकूड आधी चांगलं वाळवतात. यानं मुद्दाम ओलं घेतलं आणि डोळे नेमके राळेच्या गाठींवर कोरले. निखारा लागला की रडणारच."

बुवा दक्षिणेचं खारवलेलं मांस तिथंच टाकून दाराकडे सरकला. त्याला कुणी अडवलं नाही. सगळे नोटबुर्गाकडे पाहत होते.

"याच्या सांगण्यावरून डॉक्टरला मी दारातून परत पाठवलं होतं, बाई," ती म्हणाली. "फेर्डल आतून हाका मारत होता. हे अश्रू खोटे म्हटले, तर मग मी…"

बाईंनी तिचा हात धरला.

नोटबुर्गानं मान वर केली. "गाडी पाठवा."

नाच सोडून दारात आलेल्या शेजारच्या वेन्डेलनं शिंगांचा मुखवटा उतरवला. "मीच जातो, काकू." घंटा सोडायलाही तो थांबला नाही. तो घणघणाट दरीत उतरत गेला आणि डॉक्टरला घेऊनच वर आला.

झेन्झी वाचली.

सण अजून होतो. सोंगं नाचतात, घरोघर धूप फिरतो. नोटबुर्गाही धूप फिरवते. पण कुणाचं लेकरू तापलं असं कळलं, की ती त्या घरी जाते आणि तिथल्या आईला एवढंच सांगते: "लाकूड रडताना दिसलं, तर खाली निखारा कुठाय ते बघ. आणि डॉक्टरला बोलाव. मी त्याला एकदा दारातून परत पाठवलंय. तू पाठवू नकोस, बाई."